पन्हळीची गळती आणि तिची दुरुस्ती

मिझोराम राज्याची राजधानी ऐझॉल हे नगर डोंगराच्या धारेवर वसलेले आहे. जवळची नदी शेकडो मीटर खालून वाहते व तिचे पाणी पंपांनी वर चढवावे लागते. त्यामुळे छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठवून ठेवण्याची रीत तेथे घरोघर रूढ झाली. छपराचा पत्रा, वळचणीला बसविलेली पन्हळ आणि तिच्या टोकाशी जोडलेली टाकी, एवढीच ही योजना होय. हिवाळ्याचे महिने जवळजवळ कोरडे जातात. त्या दिवसांत या टाकीचे मोल कळते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. 40 चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारे 1,000 लिटर पाणी पन्हळीकडे येते. एखाद्या सांध्यातून मिनिटाला अर्धा लिटर पाणी गळू लागले, तर दोन तासांत 60 लिटर वाया जाते. शिवाय हे पाणी भिंतीच्या पायाशी पडते आणि उतारावरच्या घराखालची माती सैल करते.

गळती दिसताच भोक बुजविण्याची घाई केली जाते. परंतु दोष बहुधा अन्यत्र असतो. पन्हळीत पालापाचोळा साचला किंवा तिचा ढाळ बिघडला, की पाणी एके ठिकाणी तुंबते. तुंबलेले पाणी सांधे सैल करते, जस्ती पत्र्यावरील जस्ताचा थर झिजविते आणि मग लोखंड गंजते. म्हणून कोरड्या दिवशी पन्हळ प्रथम स्वच्छ करावी आणि तिच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी कोठे थांबते आणि कोठून ठिबकते, हे तत्काळ ध्यानात येते.

पाणी थांबत असेल, तर आधी ढाळ सुधारावा. दर मीटरला 5 मिलिमीटर उतार पुरतो. म्हणजे 6 मीटर लांबीच्या पन्हळीचे एक टोक दुसऱ्याहून 30 मिलिमीटर खाली असावे. पाणसळीने किंवा ताणलेल्या दोरीने हे तपासता येते. आधाराच्या लोखंडी पट्ट्या वाकल्या असल्यास त्या सरळ कराव्यात. दोन पट्ट्यांमधील अंतर मीटरभराहून अधिक नसावे.

त्यानंतर सांधे पाहावेत. कौले जशी एकावर एक चढवितात, तद्वत वरच्या बाजूच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत यावे. उलट बसविल्यास वाहते पाणी थेट फटीत शिरते. सांधा उघडून गंज खरवडावा, पत्रा पूर्ण वाळू द्यावा, मधे सिलिकोनचा लेप भरावा आणि रिबिटांनी तो घट्ट करावा. ज्या सिलिकोनला शिरक्यासारखा आंबट वास येतो, ते आम्लयुक्त असल्याने जस्ताला बाधते. ते वापरू नये.

लहान भोकावर त्याच जातीच्या पत्र्याचा तुकडा लावावा. तो भोकाच्या चहूबाजूंनी निदान 5 सेंटिमीटर पुढे यावा. तांब्याचा तुकडा अधिक टिकाऊ वाटला, तरी तांबे आणि जस्त ओल्या अवस्थेत एकत्र आले की जस्त झपाट्याने झिजते. पाणी पिण्यासाठी साठवावयाचे असेल, तर शिसे असलेला डाख देऊ नये व डांबरही लावू नये. पत्रा जागोजागी चाळणीसारखा झाला असल्यास ठिगळांवर श्रम न दवडता तेवढा भाग बदलणेच हिताचे.

हे काम करताना शिडी पक्क्या जमिनीवर टेकवावी, ती धरण्यास दुसरा माणूस असावा आणि ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नये. शेवटी पुन्हा बादलीभर पाणी ओतून परीक्षा घ्यावी. पाणी न थांबता टाकीपर्यंत पोहोचले, म्हणजे दुरुस्ती पुरी झाली असे समजावे. पावसाळ्यापूर्वी या कामी घालविलेली एक सकाळ पुढे कोरड्या महिन्यांत हंड्याहंड्याने परत मिळते.