चेंडूंच्या हौदाचा तळ कोण पाहणार?

पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरली, की पुण्या-मुंबईतील चिमुकल्यांची पावले मॉलमधील ‘सॉफ्ट प्ले’ दालनांकडे वळतात. मऊ गाद्या आणि रंगीत चेंडूंचा हौद पाहून पालकही निर्धास्त होतात. मात्र, पडल्यास लागत नाही, एवढ्यावरून जागा सुरक्षित ठरत नाही.

लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात. त्यामुळे अतिसार किंवा ‘हँड, फूट अँड माउथ’ यांसारखे आजार येथे सहज पसरू शकतात. त्यावर केवळ सुगंधी द्रव फवारून भागत नाही. मळाच्या थरावर जंतुनाशकाचा परिणाम घटतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसणे, मग जंतुनाशक लावणे आणि बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला ठेवणे, हा क्रम आवश्यक असतो. हौदातील चेंडू बाहेर काढून धुवावेत आणि तळही झाडावा; केसांच्या पिना, नाणी तेथेच साचतात. फाटलेल्या गादीचा स्पंज नीट स्वच्छ करता येत नाही. ती बदलणेच इष्ट.

धोका आगीचाही असतो. राजकोटमधील गेमझोनला मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीत मुलांसह २७ जणांचा बळी गेला. स्पंज व प्लास्टिक झपाट्याने पेटतात. त्यामुळे बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत ना, हे आत शिरतानाच पाहावे.

आजारी मुलाला घरी ठेवणे आणि खेळानंतर साबणाने हात धुणे, ही जबाबदारी पालकांची. तिकीट काढण्यापूर्वी ‘हौद शेवटचा कधी रिकामा केला?’ असे मात्र व्यवस्थापनाला अवश्य विचारावे.