ले-ऑफ, कपात आणि कंपनी बंद : मालकाला काय काय द्यावं लागतं?

"बाबांची कंपनी बंद झाली" असं मुलं वर्गात सांगतात, तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो. कायद्यात या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि मिळणारे पैसेही वेगळे.

कच्चा माल नाही, वीज नाही म्हणून काम काही दिवस थांबलं तर तो ले-ऑफ. यात नोकरी शाबूत असते. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्षभर सेवा झालेल्याला मूळ पगार अधिक महागाई भत्ता, याच्या निम्मी भरपाई मिळते. (बातम्यांत कायमचं काढलं तरी 'ले-ऑफ'च म्हणतात, त्यामुळे सगळा घोळ होतो.)

कायमचं काढणं म्हणजे कपात. इथे एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे १८,००० पगार आणि ११ वर्षं ७ महिने नोकरी असेल, तर साधारण १२ × ९,००० = १,०८,००० रुपये. ग्रॅच्युइटी आणि पीएफ वेगळे. शिवाय सर्वांत शेवटी लागलेल्याला आधी काढायचं, हा नियम.

कारखानाच बंद करायचा असेल तर ५० किंवा अधिक कामगार असल्यास सरकारला ६० दिवस आधी कळवावं लागतं. मोठ्या कारखान्याला मात्र आधी परवानगीच घ्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही मर्यादा १०० कामगारांची होती, औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० झाली. माझ्या मते हा बदल फार मोठा आहे. मधल्या आकाराच्या कितीतरी कारखान्यांतून परवानगीची अट गेली. "तोटा होतोय" एवढ्या कारणाने मालकाची भरपाईतून सुटका होत नाही, हे मात्र तसंच आहे.

आपण शिक्षक या कायद्यात 'कामगार' नाही, हे जाता जाता सांगते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तसं ठरवलं.

पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : पुष्कळदा "सगळ्यांनी इथे सही करा" म्हणून जो कागद पुढे येतो, तो राजीनामा असतो. राजीनामा म्हणजे कपात नव्हे, आणि मग ती १५ दिवसांची भरपाई मागता येत नाही. कागद घरी आणून वाचा, प्रत ठेवा, आणि शंका असेल तर सही करण्याआधी युनियनला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.