धुऊनही न जाणारे जंतू

भाजी स्वच्छ धुतली की निर्धास्त व्हायचं, ही आपली रीत. कृषिसंशोधनाच्या एका प्रयोगशाळेत ही खात्री किती अपुरी आहे, ते मी पाहिलं.

तिथल्या संशोधक बाईंनी लेट्यूसच्या पानांवर आदल्या दिवशी ई. कोलायचा एक निरुपद्रवी वाण फवारला होता. धारदार नळीने त्यांनी पानांच्या टिकल्या पाडल्या. निम्म्या नुसत्या पाण्यातून काढल्या. उरलेल्या क्लोरीनच्या द्रावणात बुडवून वरचे जंतू मारले आणि निर्जंतुक पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळल्या. धुण्याचं शेवटचं पाणीही त्यांनी जंतू वाढवण्यासाठीच्या आगरच्या वेगळ्या ताटलीवर पसरलं. या ताटलीवर काही उगवलं, तर वरचे जंतू पुरते मेले नाहीत असा अर्थ, आणि अख्खा प्रयोग बाद. मग दोन्ही प्रकारच्या टिकल्या खलात वेगवेगळ्या वाटून, तो रस दहा-दहा पट पातळ करत ताटल्यांवर पसरला.

दुसऱ्या दिवशी पाण्याने धुतलेल्या पानांची ताटली ठिपक्यांनी भरली होती. शेवटच्या पाण्याची ताटली कोरी होती. क्लोरीनमधून काढलेल्या पानांच्या ताटलीवर मात्र मोजकेच, पण स्पष्ट ठिपके होते. हे जंतू क्लोरीन पोचत नाही अशा जागी, पानाच्या आत होते.

ते आत शिरतात कुठून? पानावर श्वासासाठी असलेली सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, ही एक वाट. जंतूची चाहूल लागताच वनस्पती ही रंध्रं मिटून घेते, हे माएली मेलोटो आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं. साल्मोनेला या जंतूची गोष्ट वेगळी. उजेडात लेट्यूसची रंध्रं उघडी असताना हे जंतू त्यांच्याभोवती गोळा होऊन आत सरकतात, असं 2009 साली इस्रायलमधल्या संशोधकांना आढळलं. चिरलेल्या कडा, किडीने पाडलेली भोकं आणि मऊ कुज या रोगाने सडलेला भाग इथेही जंतूंना अन्न आणि आसरा मिळतो. म्हणूनच पिकाचा रोग आवरणं हे माणसाच्या आरोग्याचंही काम आहे.

पिकावरचे घातक जंतू किती महागात पडू शकतात, ते जर्मनीने 2011 साली अनुभवलं. ई. कोलायच्या एका घातक वाणाने तिथे 3,800हून अधिक माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. सुरुवातीला ठपका स्पेनच्या काकड्यांवर आला. तपासाअंती बोट गेलं ते मोड आलेल्या मेथीकडे आणि इजिप्तहून आलेल्या तिच्या बियाण्याकडे. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, त्यामुळे बियाण्यावरचे थोडे जंतूही मोड येईतो प्रचंड वाढतात. आपली उसळ शिजते, म्हणून तो धोका टळतो. कच्चे मोड खाताना हे संरक्षण नसतं.

रोगी दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांचं काम सुरू होतं. वनस्पतिशास्त्रज्ञाचं काम त्याच्या कितीतरी आधी, बियाण्यापाशी सुरू व्हायला हवं. भाजीच्या कोणत्या वाणाच्या पानावर जंतू कमी तगतात, पानावरचे कोणते निरुपद्रवी जीवाणू घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत, बियाणं उगवणशक्ती न गमावता कसं निर्जंतुक करता येईल, हे प्रश्न त्याचे आहेत. वाण निवडताना आपण उत्पन्न, रंग आणि टिकाऊपणा पाहतो. त्यात जंतूंना थारा न देण्याची ही चौथी कसोटी यायला हवी.

शेतकऱ्याच्या हातातले उपाय तर आजही ठाऊक आहेत. सांडपाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला देऊ नये, शेणखत पुरतं कुजवूनच घालावं, सडकी पानं काढणीतच बाजूला करावीत. आपणही भाजी जरूर धुवावी, कारण वरचे बरेच जंतू त्याने जातात. पण आतल्या जंतूंवर स्वयंपाकघरात शिजवण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही. कच्च्या खायच्या पाल्याची काळजी शेतातच घेतली गेली पाहिजे, आणि त्यासाठीच्या संशोधनावर खर्च करायचा आग्रह आपण ग्राहकांनी धरला पाहिजे.