आकडा एक बदलला, तपासायचे किती?

कोल्हापूर - वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्टवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. संगणकावर बिले करणाऱ्या मंगळवार पेठेतील दुकानदारांनाही आपल्या सॉफ्टवेअरमधील दर बदलणे भाग पडले. वरकरणी बदल एका आकड्याचा. पण तो आकडा किती ठिकाणी वापरला जातो?

समजा, १५ सप्टेंबरला विकलेला शाम्पूचा खोका २५ तारखेला परत आला. त्याची नोंद जुन्या, म्हणजे १८ टक्के दरानेच व्हावयास हवी. नवे बिल अचूक निघाले म्हणून निर्धास्त राहिलेल्या दुकानदाराला येथील चूक कळते ती थेट विवरणपत्र भरताना!

बदलानंतर पूर्वी सुरळीत चालणारे भाग पुन्हा तपासणे, यास संगणक क्षेत्रात 'रिग्रेशन टेस्टिंग' म्हणतात. मोठ्या प्रणालीच्या हजारो चाचण्या प्रत्येक वेळी चालविणे परवडत नाही. त्यामुळे कोणती चाचणी आज्ञावलीच्या कोणत्या भागातून जाते, याची नोंद ठेवून बदललेल्या भागाशी संबंधित चाचण्याच निवडल्या जातात. निकाल बदलू शकेल अशी एकही चाचणी सुटू नये, ही 'सुरक्षित' निवडीची कसोटी. ग्रेग रॉदरमेल व मेरी जीन हॅरॉल्ड यांनी १९९७ मध्ये अशी एक पद्धत मांडली. मिरजकर तिकटीजवळ पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला तर साऱ्या शहराचे नळ पाहावे लागत नाहीत, त्या वाहिनीवरच्या गल्ल्या पाहिल्या की पुरे, तसेच हे. मात्र वाहिन्यांचा नकाशा खरा हवा.

नेमकी मेख येथेच आहे. कराचा दर बहुधा आज्ञावलीत नसतो, वेगळ्या तक्त्यात असतो. दर बदलला तरी आज्ञावलीची एक ओळही बदलत नाही. केवळ ओळींवर नजर ठेवणारी पद्धत मग एकही चाचणी निवडत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठविलेला बदलही मूळ आज्ञावलीतील नव्हता, माहितीच्या फाइलमधील होता. मार्चमधील चाचणी आणि फाइल पडताळणाऱ्या यंत्रणेवर विसंबून तो जगभर धाडला गेला. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले.

तेव्हा तक्ते आणि फाइलींचाही समावेश चाचण्यांच्या नोंदीत हवा. अनेक कंपन्या दिवसा निवडक चाचण्या घेतात आणि रात्री सर्व चाचण्या चालवितात. दुकानदाराकडे अशी यादी कोठून असणार? त्याने निदान जुन्या बिलावरील परतावा, जुन्या दराने नोंदलेला शिल्लक माल आणि विवरणपत्रातील बेरीज, एवढे तरी गिऱ्हाइकांची गर्दी होण्यापूर्वी पडताळून घ्यावे.