स्थूल बांध्याच्या स्त्रीचा पोशाख : माप, बेतणी आणि आत्मविश्वास

प्रस्तावना

स्थूल बांध्याच्या स्त्रीने कसा पोशाख करावा यासंबंधीचा उपदेश बहुधा 'काय टाळावे' या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. आडव्या रेषा टाळाव्यात, फिके रंग टाळावेत, मोठी नक्षी टाळावी. बिनबाह्यांचे कपडे तर टाळावेतच. शरीर ही झाकण्याची वस्तू आहे, असे या उपदेशामागील गृहीतक होय. प्रस्तुत लेखात ते बाजूला ठेवून वस्त्राच्या मापाचा विचार केला आहे. पोशाख नीट न बसण्याचे कारण पुष्कळदा शरीरात नसून कापड बेतण्याच्या पद्धतीत असते. व्याख्यानास उभी राहिलेली प्राध्यापिका दर दोन मिनिटांनी खांद्यावरून ओघळणारा गळा सावरत असेल, तर त्याची किंमत तिच्या विषयालाही मोजावी लागते.

मापाचे गणित

साडीला क्रमांक नसतो. सहावारी असो वा नऊवारी, तेच वस्त्र सडपातळ व स्थूल अशा दोन्ही बांध्यांवर निऱ्यांच्या संख्येने जुळवून घेते. अडचण सुरू होते ती शिवलेल्या कपड्यापाशी, म्हणजे पोलके, ब्लाऊज आणि कुर्ता यांपाशी.

आपल्याकडील बहुसंख्य शिंपी छातीचे माप घेऊन त्याच्या चौथ्या, सहाव्या वा बाराव्या भागावरून मुंढा, गळा इत्यादी ठरवितात. मध्यम बांध्यास ही रीत पुष्कळशी लागू पडते. परंतु शरीर सर्व दिशांनी सारखे वाढत नाही. छातीचा घेर ३४ वरून ४४ इंचांवर गेला म्हणून खांद्याची हाडे त्या प्रमाणात रुंद होत नाहीत, मानही तेवढी जाड होत नाही. दंडाचा घेर मात्र कधी कधी हिशेबापेक्षा अधिक वाढतो. परिणामी प्रमाणावरून बेतलेला कपडा खांद्यावर ओघळतो, गळ्याशी फाकतो आणि दंडावर काचतो. दोष गणिताचा असतो, पण आरशासमोर उभी असलेली स्त्री तो स्वतःच्या शरीराकडे घेते.

तयार कपड्यांचा उद्योगही याच चुकीची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती करतो. एका मध्यम मापाचा नमुना तयार करून पुढील प्रत्येक क्रमांकासाठी ठराविक वाढ दिली जाते. चार-पाच क्रमांक ओलांडल्यावर मूळ नमुन्याचा प्रत्यक्ष शरीराशी संबंध क्षीण होतो.

मोजून पाहणारे

या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर शोधणारी एक स्त्री अमेरिकेतील होती. लिथुआनियातून स्थलांतरित झालेल्या लीना ब्रायंट यांनी १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले. बँकेच्या कागदावर 'लीना'चे 'लेन' झाले आणि तेच नाव व्यवसायाला चिकटले. त्यांचे अभियंता पती आल्बर्ट माल्सिन यांनी सुमारे ४,५०० ग्राहक स्त्रियांची मापे घेतली, विमा कंपनीकडील सुमारे २,००,००० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि स्थौल्य एकाच प्रकारचे नसून त्याचे निदान तीन प्रकार आहेत असा निष्कर्ष काढला. सर्व स्थूल स्त्रियांसाठी एकच 'ढगळ' साचा असू शकत नाही, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती.

पुढे १९३९-४० मध्ये अमेरिकी शासनाने सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. १९५८ मध्ये त्यावर आधारित प्रमाणमापे जाहीर झाली व १९८३ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्या मोजणीच्या निष्कर्षांत केवळ गौरवर्णीय स्त्रियांचा विचार झाला होता, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे; कारण भारतीय बाजारातील क्रमांक दीर्घकाळ ब्रिटिश व अमेरिकी तक्त्यांवरूनच बेतले गेले. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निफ्ट'ने, २०१८ मध्ये १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५,००० भारतीय स्त्री-पुरुषांची मापे सहा शहरांत त्रिमितीय यंत्राने घेण्याची योजना जाहीर केली. ती फार उशिरा आली, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

आडव्या रेषांचा प्रश्न

हर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९ व्या शतकातच दाखविले की आडव्या रेषांनी भरलेला चौरस उभ्या रेषांच्या चौरसापेक्षा उंच व अरुंद भासतो. म्हणजे प्रचलित उपदेशाच्या नेमके उलट! यॉर्क विद्यापीठातील थॉम्पसन व मिकेलिडू यांनी २०११ मध्ये मानवी आकृत्यांसंबंधीही आडव्या रेषांच्या बाजूने निष्कर्ष मांडला. मात्र जपानमधील आशिदा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखविले की हा लाभ मुख्यतः आधीच सडपातळ असलेल्या आकृतीस मिळतो, आणि तोही सर्वांना नाही. तात्पर्य, रेषांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. इरकलीचे काठ आवडत असतील तर ते नेसावेत. तेवढे कारण पुरेसे आहे.

शिंप्याकडे जाताना

छातीच्या मापावर विसंबू न देता खांदा, खांद्यापासून छातीच्या उंच भागापर्यंतचे अंतर, दंडाचा घेर, तसेच पुढील व मागील लांबी ही मापे स्वतंत्रपणे घ्यावयास लावावीत. भरलेल्या छातीस पुढील भाग मागील भागापेक्षा लांब लागतो; तो न ठेवल्यास ब्लाऊज पुढून वर चढतो. कटोरी अथवा प्रिन्सेस कटाने हा फरक शिवणीतच सामावून जातो. खणाचा पन्हा अरुंद असल्याने मोठ्या मापास कापड अधिक घ्यावे. ऐनवेळी काखेत लावलेले ठिगळ लपत नाही. खळ दिलेले सुती कापड अंगापासून थोडे दूर उभे राहते, तर जॉर्जेट अंगासरशी पडते. दोहोंपैकी काय हवे हे प्रसंगावरून ठरवावे. शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखून ठेवल्यास वजनातील चढउतारानुसार टिपा उसवून कपडा पुन्हा जुळविता येतो.

मुंढ्याविषयी एक गैरसमज दृढ आहे. दंड जाड म्हणून मुंढा खोल काढला जातो आणि हात उचलताच सारा कपडा त्यासोबत वर ओढला जातो. वास्तविक मुंढा काखेच्या जवळ ठेवून बाहीला रुंदी द्यावयास हवी. कपडा ताब्यात घेण्यापूर्वी शिंप्याच्या दुकानातच, फळ्याच्या वरच्या टोकास लिहावे तसा हात उंचावून पाहावा आणि ब्लाऊजची कड कंबरेपाशी जागेवर राहते की नाही, हे आरशात तपासावे.