शर्यतीच्या गाडीचा पंप वारंवार कां बिघडतो?

ताप आला कीं तापाची पुडी द्यावी, पुन्हां आला कीं पुन्हां द्यावी, अशा वैद्यास आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाहीं. परंतु यंत्रांच्या बाबतींत आपण सर्वच थोडेबहुत तसले वैद्य असतों. एखादा भाग बिघडला कीं नवा बसवावयाचा, आणि तोहि बिघडला म्हणजे करणाऱ्यास बोल लावावयाचा, एवढ्यानें आपलें समाधान होतें. या वृत्तीचा फोलपणा शर्यतीच्या मोटारींत जितका उघडा पडतो, तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल. म्हणून त्या मोटारीच्या एका लहानशा अवयवाविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आज आम्हीं योजिलें आहे.

'पंप' म्हटल्याबरोबर रस्त्याच्या कडेचा पेट्रोलपंप वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहील. आम्हांस अभिप्रेत आहे तो मुठींत मावेल एवढा विजेचा पंप. तो मोटारीच्या टांकींत पेट्रोलमध्यें बुडालेला असतो आणि तेथून इंजिनास इंधन पुरवितो. घरच्या मोटारींत तो वर्षानुवर्षें निमूटपणें राबतो. तशीच मोटार कोइमतूरच्या कारी मार्गावर, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईस, किंवा जेथें २०११ ते २०१३ या काळांत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या त्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर वेगानें फिरवूं लागलें, कीं कधीं कधीं हाच पंप दर दोन-तीन महिन्यांनीं दगा देऊं लागतो. असें कां व्हावें?

या पंपाची एक मौज आहे. जें पेट्रोल तो ढकलतो, तेंच त्याच्या मोटरीमधून वाहत जाऊन तिला थंड ठेवतें व वंगणाचेंहि काम करतें. अर्थात् पेट्रोल तुटलें कीं इंजिनाची उपासमार होते ती वेगळीच, पण पंपहि आंतल्या आंत तापून झिजतो. आतां वळणाचा विचार करा. वळणावर गाडीवर येणारा बाजूचा जोर तिच्या वजनाइतका झाला, तर टांकींतील पेट्रोलचा पृष्ठभाग सपाट न राहतां ४५ अंशांनीं कलतो. ताक भरलेलें पातेलें घेऊन झटकन् वळणाऱ्या सुगृहिणीस हें निराळें सांगावयास नको. टांकी पाव भरलेली असली, तर लांब वळणावर सर्व पेट्रोल एका अंगास जातें आणि पंपाचें तोंड उघडें पडून तो वारा ओढूं लागतो. यावर उपाय म्हणून टांकींत आडव्या भिंती घालतात, अथवा एक-दोन लिटरची लहान उपटांकी बसवितात. एक पंप ती सदैव काठोकाठ भरलेली ठेवतो आणि दुसरा तिच्यांतून इंजिनास दाबानें पुरवठा करतो.

हें वाचून कोणी लगेच उपटांकी विकत आणूं नये. रोग तोच आहे हें आधीं ठरलें पाहिजे. आमच्या पुतण्यास या मोटारींचा मोठा नाद. त्याच्या गाडीचे एका वर्षांत तीन पंप 'मेले'. तिसऱ्या खेपेस तर सरळ मार्गावर भर वेगांत इंजिन एकाएकीं बंद पडलें आणि मागून येणारी गाडी अगदीं हातभर अंतरावरून निघून गेली. घरीं हें कळतांच आमच्या वहिनींनीं गाडी विकण्याचा आग्रह धरला, आणि तो गैरवाजवी होता असें कोण म्हणेल? पुतण्या आम्हांस म्हणाला, "काका, हल्लीं पंपच कमअस्सल येतात." आम्हीं त्यास विचारलें, "अरे, तीन निरनिराळ्या घरचे तीन पंप एकाच रोगानें मेले, तर दोष पंपांचा कीं त्यांना जें घर मिळालें त्याचा?"

आमच्या न्यायशास्त्रांत कार्यकारणभाव ठरविण्याची अन्वय आणि व्यतिरेक अशी एक जोडी आहे. जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां घडत नाहीं, तें कारण. पुतण्यानें एक वही घातली. बिघाड झाला तेव्हां टांकींत पेट्रोल किती होतें, वळण होतें कीं सरळ मार्ग, गाडी किती मिनिटें धांवली होती, हें सारें तो लिहूं लागला. टांकी भरलेली असो वा अर्धी, इंजिन बंद पडेच. म्हणजे वळणाची सबब गेली. पहिल्या दहा मिनिटांत मात्र तें कधींच बंद पडलें नव्हतें. वीस मिनिटांनंतर पडे. मग तिन्ही मेलेले पंप बाहेर मेजावर चालवून पाहिले, तों तिन्ही उत्तम चालले! मृत म्हणून ज्यांचें और्ध्वदेहिक उरकलें, ते जिवंतच होते.

मग विजेचें माप घेतलें, तेंहि गाडी थंड असतां नव्हे, तर वीस मिनिटें धांवून आल्याबरोबर, पंप चालू ठेवून. बॅटरीपाशीं १३.८ व्होल्ट, पंपापाशीं अवघे १०.९. मधले २.९ कोठें गेले? जाणाऱ्या तारेंत ०.४ आणि परतीच्या वाटेंत, म्हणजे अर्थिंगच्या बाजूस, २.५. चालकाच्या रक्षणासाठीं गाडींत लोखंडी पिंजरा बसविला तेव्हां तळाला नवा रंग दिला होता, आणि अर्थिंगचा बोल्ट त्या रंगावरच आवळला होता. जोड तापला कीं अडथळा वाढे, पंपाची गति मंदावे आणि इंधनाचा दाब पडे. मग नवा पंप घातल्यावर कांहीं दिवस सर्व ठीक कां चाले? कारण पंप बदलतांना तो बोल्ट सैल करून पुन्हां आवळीत, त्यासरशीं रंग थोडा खरवडला जाऊन जोड तात्पुरता सुधारे. श्रेय मात्र नव्या पंपास! कावळा बसला आणि फांदी मोडली, हाच तो काकतालीय न्याय. रंग खरवडून जाड तार बसविली आणि रोग गेला.

प्रत्येक गाडींत हेंच कारण निघेल असें मात्र नव्हे. पंपाच्या तोंडाची जाळी गंजानें किंवा टांकींतील जुन्या फोमच्या भुग्यानें बुजली, तर ओढतांना पेट्रोलचे बुडबुडे होऊन पंप झिजतो. पंपापुढील फिल्टर तुंबला, तर त्यास अधिक जोर करावा लागून तो अधिक वीज खातो. जुना फिल्टर फेंकूं नये. कापून आंत काय सांपडतें तें पाहावें. टांकीस हवा घेण्याची वाट बंद असेल, तर आंत पोकळी होऊन पेट्रोल येईनासें होतें. झांकण उघडतांच 'फुस्स' आवाज होऊन गाडी सुधारली, तर ही खूण समजावी. इंजिनाजवळून परत येणारें गरम पेट्रोल थोड्या उरलेल्या साठ्यास तापवून वाफ करतें. आपल्याकडे २०२३ पासून मिळूं लागलेल्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलनें जुन्या रबरास अपाय होऊं शकतो. टांकीच्या आंत नळी वापरावयाची ती बुडून राहण्यास योग्य, म्हणजे 'एसएई जे३० आर१०' जातीचीच हवी. साधी नळी बाहेरून पेट्रोल लागून फुगते व फाटते.

मोठ्यांनाहि हें संकट चुकलेलें नाहीं. २० मार्च २०२२ रोजीं बहरीनच्या शर्यतींत दुसऱ्या क्रमांकावर धांवणारा मॅक्स वर्स्टॅपेन ५७ पैकीं ५४ व्या फेरींत बाद झाला, आणि शेवटच्या फेरींत त्याच्याच रेड बुल संघाचा सर्जिओ पेरेझहि. दोघांच्याहि इंजिनास इंधन पोहोंचेनासें झालें होतें. एकाच संघाच्या दोन गाड्या अखेरच्या कांहीं मिनिटांत सारख्याच रीतीनें थांबल्या, तेव्हां योगायोग सोडून समान कारण शोधणें प्राप्तच होतें.

यांत कांहीं जोखमी अशा आहेत कीं त्या गमतीनें घेऊं नयेत. इंधन कमी पडून इंजिनांत हवेचें प्रमाण वाढलें, तर पिस्टन जळून भोंक पडूं शकतें. म्हणजे पंपाच्या किमतीवर भागत नाहीं. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते. म्हणून टांकीचें काम उघड्यावर, बॅटरी सोडवून व नळींतील दाब उतरवूनच करावें. घराच्या पडवींत, जवळ गॅस किंवा देवघरांतील समई तेवत असतां, तें कदापि करूं नये. आणि वैतागून पंपाची तार थेट बॅटरीस जोडणें हा तर आत्मघात. अपघातांत इंजिन थांबतांच पंपहि थांबला पाहिजे. नाहींपेक्षां फुटलेल्या नळींतून तो आगीस तूप घालीत राहील.

वहिनींनीं विक्रीचा विषय अद्याप सोडलेला नाहीं. पण आतां त्या आधीं 'वही दाखव' म्हणतात, आणि वहींतील दाबाचे व विजेचे आंकडे नीट असल्याखेरीज गाडी दाराबाहेर पडत नाहीं. आमच्या मतें हा तह उभयपक्षीं शोभणारा आहे. ज्या घरांत मिक्सर, शेगडी किंवा पाण्याचा पंप वारंवार दुरुस्तीस जातो, तेथेंहि अशी एक वही ठेवून पाहण्यास हरकत नाहीं. एकदां बिघडलें तर भाग बदलावा. दुसऱ्यांदा तोच भाग बिघडला, तर बदलण्यापूर्वीं विचारावें कीं याला मारणारा कोण?