वाहनाची उंचीवाढ

मोटारगाडीच्या मूळ रचनेत फेरफार करून तिचा सांगाडा, तिची पेटी किंवा दोन्ही जमिनीपासून अधिक उंच नेण्याच्या क्रियेस वाहनाची उंचीवाढ म्हणतात. जीप, थार, बोलेरो, जिप्सी यांसारख्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा फेरफार विशेष आढळतो. खडक, खोल चाकोऱ्या, ओढे यांतून जाताना गाडीचा तळ घासू नये आणि मोठ्या व्यासाच्या चाकांना जागा मिळावी, हे तिचे मूळ उद्देश होत. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. चाके आणि सांगाडा यांमधील अंतर वाढविणे ही निलंबन-उंचीवाढ होय. गॅरेजच्या बोलीत निलंबनाला सस्पेन्शन म्हणतात. सांगाडा आणि त्यावर बसविलेली पेटी (बॉडी) यांमधील अंतर वाढविणे ही पेटी-उंचीवाढ होय. दोन्हींमुळे गाडी बाहेरून सारखीच उंच दिसते. परंतु त्यांचे परिणाम भिन्न आहेत.

वाहनांची घडण : दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आलेल्या विलीज जीपची जोडणी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली. या गाडीत शिडीसारखा स्वतंत्र सांगाडा, पुढे-मागे अखंड आस आणि चारही चाकांशी कमानी पाटे होते. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी याच घडणीची होती. २०१० च्या थारमध्ये पुढील बाजूस पीळ सोसणारे दांडे (टॉर्शन बार) व मागे पाटे होते. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये पुढे-मागे गुंडाळी स्प्रिंगा आल्या, तरी शिडीसारखा सांगाडा कायम राहिला. याउलट रांजणगाव (जि. पुणे) येथे २०१७ पासून तयार होणाऱ्या जीप कंपासमध्ये सांगाडा व पेटी एकसंध आहेत. अशा एकसंध गाडीत पेटी-उंचीवाढ संभवतच नाही.

मोकळ्या उंचीचे स्वरूप : ‘गाडीची उंची’ ही एकच राशी नाही. अखंड आसाच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळचा भाग म्हणजे आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलची घुमटी होय. तिची जमिनीपासूनची उंची केवळ चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. निलंबन कितीही उंच केले, तरी ती तसूभरही वाढत नाही. चाकाचा व्यास ५ सेंमी.ने वाढविला, तर ती २·५ सेंमी.ने वाढते. निलंबन-उंचीवाढीने सांगाड्याचा तळ वर जातो. त्यामुळे चढावर नाक टेकणे, उंचवट्यावर पोट टेकणे किंवा उतरताना शेपूट घासणे टळते. पेटी-उंचीवाढीने यांपैकी काहीच फारसे साधत नाही. सांगाडा, एंजिन व आस होते तेथेच राहतात, फक्त चाकाच्या कमानीत मोठ्या टायरसाठी जागा होते. म्हणून कोणता भाग जमिनीला घासतो, हे प्रथम निश्चित केल्याशिवाय कोणत्याही उंचीवाढीचा विचार निरर्थक ठरतो. २०२० च्या थारच्या चार-चाकी-चालन प्रकाराची मोकळी उंची उत्पादकाने २२६ मिमी. व पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिमी. दिली आहे, सामान्य वापरास ती पुरेशी आहे.

निलंबन-उंचीवाढ : पाट्यांच्या गाडीत अधिक बाक असलेले पाटे बसविणे, एखादा पाटा वाढविणे, पाटा व आस यांमध्ये ठोकळा घालणे किंवा पाट्याच्या टोकाचे झोके (शॅकल) लांब करणे, अशा रीती आहेत. एका टोकाचा झोका २ सेंमी.ने लांब केला असता आसाजवळ गाडी सु. १ सेंमी. उचलली जाते. सुकाणूला जोडलेल्या पुढील आसाखाली ठोकळा घालणे धोक्याचे असते. कारण ब्रेक लावताना आसावर येणारा पीळ ठोकळ्यास निसटवू पाहतो. पीळदांड्याच्या गाडीत समायोजक खिळा आवळला की पुढील भाग उचलला जातो. या सोपेपणामुळे ही रीत फार प्रचलित आहे. परंतु तीत दांड्याची ताकद वाढत नाही, चाकाची खाली जाण्याची मोकळीक मात्र कमी होते. गुंडाळी स्प्रिंगवर नुसती चकती चढविल्यासही असेच घडते.

गाडी उचलली की इतर अनेक भागांचे कोन बदलतात. पुढील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवर अधिक तिरपा भार येऊन ते लवकर झिजतात. मागील आसाकडे जाणाऱ्या दांड्याचा कोन वाढल्यास ठराविक वेगाला थरथर जाणवते. चाकांचा कल बदलल्याने सुकाणू आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती घटते. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात; चाक पूर्ण खाली लोंबले असता नळीला सैलपणा उरलाच पाहिजे. धक्काशोषक (शॉक-अब्सॉर्बर) मूळ लांबीचेच ठेवले, तर ते वरच्या टोकाला ताणून तुटतात. म्हणून स्प्रिंग, धक्काशोषक, अडसराचे रबर, नळ्या आणि चाकांची अलाइनमेंट यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

पेटी-उंचीवाढ : पेटी सांगाड्यावर रबरी बैठकांच्या आधारे बोल्टांनी आवळलेली असते. हे बोल्ट काढून बैठकींवर नायलॉन किंवा पॉलियुरेथेनचे सामान्यतः २·५ ते ७·५ सेंमी. उंचीचे ठोकळे ठेवतात व अधिक लांबीचे उच्च ताणबलाचे बोल्ट बसवितात. ठोकळा जितका उंच, तितका टक्करीच्या वेळी बोल्टावर येणारा वाकविणारा भार अधिक; लाकडाचे किंवा एकावर एक रचलेले ठोकळे यासाठीच त्याज्य होत. पेटी उचलण्यापूर्वी सुकाणूदांडा, गिअरचे दांडे, रेडिएटरच्या नळ्या व पंख्याभोवतीचे आवरण, इंधन भरण्याची नळी, हातब्रेकची तार आणि विजेच्या तारा यांना पुरेशी लांबी आहे किंवा नाही, हे एकेक करून तपासावे लागते.

स्थैर्य व दृष्टी : वळणावर गाडी उलटण्यास होणारा विरोध, दोन चाकांमधील आडव्या अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून अजमावतात. या गुणोत्तरावर अमेरिकेत २००१ पासून गाड्यांची प्रतवारी केली जाते. उदाहरणार्थ, चाकांतील अंतर १·५ मी. व गुरुत्वमध्याची उंची ०·७ मी. असलेल्या गाडीचे गुणोत्तर १·०७ येते. तीत ७·५ सेंमी.ची पेटी-उंचीवाढ केली आणि एकूण वस्तुमानापैकी निम्मे उचलले गेले, तर ते १·०२ होते. तेवढीच निलंबन-उंचीवाढ केली आणि पाच-षष्ठांश वस्तुमान उचलले गेले, तर ते ०·९८ वर येते. वळणावर झुकण्याचा परिणाम यात धरलेला नाही. प्रत्यक्षात स्थैर्य याहूनही कमी असते. छपरावर सामान लादल्यास ते आणखी घटते.

दुसरा परिणाम चालकाच्या दृष्टीवर होतो. चालकाचा डोळा जमिनीपासून १·५५ मी. व टपाची पुढील कड १·१ मी. उंच असून दोन्हींतील आडवे अंतर १·९ मी. असेल, तर ०·९ मी. उंचीचे मूल गाडीपुढे सु. ८४ सेंमी. अंतरापर्यंत पूर्णतः झाकले जाते. गाडी ७·५ सेंमी. उचलली की हे अंतर सु. ११६ सेंमी. होते. अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत या ३२ सेंमी.चे महत्त्व उघड आहे.

घरी करावयाचे काम : जुन्या शहरी वस्तीत असे काम घरी करण्यास काय मर्यादा पडतात, हे नागपूरच्या महाल विभागावरून समजते. भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वाढलेल्या या वस्तीत गल्ल्या अरुंद, घरे भिंतीला भिंत लागून आणि मोकळी जागा म्हणजे वाड्याचे अंगण किंवा दारापुढील रस्ता एवढीच. जुन्या फरशीखाली पोकळी असल्यास जॅकच्या एकवटलेल्या भाराने फरशी फुटते. काळ्या मातीत जॅक रुततो. नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. तेव्हा मऊ पडलेल्या डांबरात घोडीचे पाय बसतात व गाडी कलते. अशा प्रत्येक ठिकाणी जाड फळी वा पोलादी पत्रा खाली घालणे अवश्य आहे. विटा रचून त्यांवर गाडी ठेवण्याची पद्धत जीवघेणी होय. वीट पूर्वसूचना न देता तडकते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, सांगाड्याखाली भार पेलणाऱ्या घोड्या आणि मदतीस दुसरी व्यक्ती, ही किमान तयारी होय. गुंडाळी स्प्रिंगमध्ये दाबाने साठलेली ऊर्जा प्राणघातक असते. ती योग्य शिकंज्याशिवाय सोडवू नये.

बोल्ट टॉर्क पान्याने, उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत. निलंबनातील रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळावयाचे असतात. लोंबत्या अवस्थेत आवळल्यास बुश कायमचे पिळलेले राहून फाटतात. त्यानंतर अलाइनमेंट व दिव्यांची दिशा जुळवून घ्यावी आणि काही शे किमी. प्रवासानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. टायरचा व्यास ५ टक्के वाढविला असल्यास वेगमापक खऱ्या वेगापेक्षा सु. ५ टक्के कमी वेग दाखवितो, हेही लक्षात ठेवावे.

पावसाचे पाणी हे उंचीवाढीचे कारण म्हणून पुष्कळदा सांगितले जाते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीस पूर आला, तेव्हा नागपुरात अनेक वाहने पाण्यात सापडली. परंतु पेटी उंच केल्याने एंजिन, स्टार्टर व आसाचे श्वासनळ वर जात नाहीत. वाहत्या पाण्यात तर गाडी तरंगून वाहून जाण्याचा धोका उंचीवाढीने नाहीसा होत नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या सुधारणेने घातलेल्या कलम १८२-अ अन्वये अवैध फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीस न कळविलेला फेरफार अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचे कारण ठरू शकतो.  म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत झिजलेले पाटे, बसलेल्या स्प्रिंगा व कडक झालेली रबरे मूळ मापाची नवी बसविणे हाच निर्धोक मार्ग होय. पुष्कळशा जुन्या गाड्यांची हरवलेली उंची एवढ्यानेच परत मिळते.